नव्या नगरासाठीं जागा : अंबडचें उदाहरण

घराची जागा चुकली तर एक कुटुंब कष्टी होतें. नगराची जागा चुकली तर तिचें फळ कित्येक पिढ्यांना भोगावें लागतें. घर पाडून पुन्हा बांधतां येतें, नगर उचलून दुसरीकडे नेतां येत नाहीं. म्हणून रस्ते किती रुंद असावे, घरें किती मजली असावीं, ह्यांच्या आधीं मूळ प्रश्न सोडवावा लागतो : नगर वसवावें कोठें? विद्यार्थिमित्रांनीं ह्या प्रश्नाचा विचार परदेशच्या उदाहरणांवरून करण्यापेक्षां नाशिकजवळच्या अंबडवरून करावा, असें मला वाटतें.

प्रथम जुन्या नाशिकाकडे पाहूं. जुनी वस्ती गोदावरीच्या कांठीं टेकाडांवर आहे. नऊ शिखरांवर वसलें म्हणून ‘नाशिक’, अशी एक व्युत्पत्ति लोक सांगतात. ती खरी असो वा नसो, टेकाडें मात्र खरीं आहेत. घाट व देवळें नदीशीं, राहतीं घरें उंचावर, अशी ही रचना होती. पूर मोजण्यास नाशिककरांना यंत्र लागत नाहीं. दुतोंड्या मारुतीच्या कोठपर्यंत पाणी चढलें हें पाहिलें कीं अंदाज येतो. 1969 सालीं पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत गेलें होतें. वरच्या अंगास गंगापूर धरण झाल्यानंतरही 2008, 2016 व 2019 ह्या सालीं पुराचें पाणी सखल बाजारपेठेंत शिरलें. कारण धरणाच्या खालीं पडणारा पाऊस धरणास अडवितां येत नाहीं. पूररेषेच्या आंत बांधकाम करणारा नदीची जागा घेतो, आणि नदी ती जागा केव्हां तरी परत मागते.

आतां अंबड. शहराच्या नैर्ऋत्येस, मुंबई-आग्रा रस्त्यालगत हें शेतकऱ्यांचें गांव. 1962 सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें; पुढें सातपूर व त्यामागून अंबड येथें कारखान्यांची वसाहत उभी राहिली. 1970 सालीं निघालेल्या सिडको ह्या संस्थेनें अंबड व जुनें शहर ह्यांच्या मधल्या पट्ट्यांत ‘नवीन नाशिक’ वसविलें. ह्या निवडींत शहाणपणाचा भाग पुष्कळ होता. ही जागा गोदावरीच्या पुरापासून दूर आहे, हमरस्ता हाताशीं आहे. आणि कामगाराचें घर कारखान्याजवळ असल्यामुळें त्यास सायकलीवरून कामावर जातां येतें. रोज दोन-दोन तास प्रवासांत घालविणाऱ्या मुंबईकरास ह्या सोयीची किंमत विचारावी!

परंतु दोन गोष्टींकडे पुरेसें लक्ष गेलें नाहीं. पहिली वाऱ्याची. आपल्याकडे पावसाळ्यांत वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो. अंबडचे कारखाने नैर्ऋत्येस व घरें त्यांच्या ईशान्येस. म्हणजे धुराची वाट घरांवरूनच.

दुसरी गोष्ट अधिक दुःखाची, ती नदीची. नासर्डी अथवा नंदिनी ही लहानशी नदी पश्चिमेकडून येऊन औद्योगिक वसाहतींच्या परिसरांतून वाहते व टाकळीजवळ गोदावरीस मिळते. ह्याच संगमांत उभें राहून समर्थ रामदासांनीं तप केलें, असें परंपरा सांगते. आज तेथें क्षणभर पाय बुडविण्याचीही कोणास इच्छा होत नाहीं. कारखान्यांचें व वस्त्यांचें सांडपाणी तिच्यांत येत गेलें आणि नदीचा नाला झाला. लहान नदीचा प्रवाह उन्हाळ्यांत क्षीण होतो. मोठी नदी जेवढी घाण वाहून नेते, तेवढी तिला झेपत नाहीं. वसाहतीची जागा ठरवितांना तिचें सांडपाणी कोणत्या ओढ्यांत उतरणार, हें आधींच पाहावयास हवें होतें.

जमिनीचाही विचार आहेच. काळी जमीन पावसांत फुगते व उन्हांत आकसते, त्यामुळें तीवरील भिंतींस तडे जातात. मुरमाड जमीन पाया घट्ट धरते, पण पीक बेताचेंच देते. काळी शेतास व मुरमाड घरास, ही निसर्गानें केलेली वांटणी इतकी सरळ आहे कीं ती मोडण्याचें नवल वाटावें. शेतकऱ्यास मोबदला एकदाच मिळतो, जमीन मात्र दर वर्षीं देत असते. अंबडचें गांवठाण कारखान्यांच्या वेढ्यांत अजून उभें आहे.

पाण्याविषयीं जुन्या लोकांची दृष्टि पाहावयाची असेल तर अंबडशेजारच्या पांडवलेण्यांत जावें. नहपानाचा जांवई उषवदात ह्यानें त्रिरश्मि डोंगरांत लेणें कोरविलें, आणि त्याच शिलालेखांत पाण्याच्या पोढींचाही उल्लेख आहे. राहण्याची जागा व पाण्याची सोय हीं एकाच वेळीं केलेलीं! आज शहरास गंगापूरखेरीज मुकणे धरणाचेंही पाणी लागतें. तें विल्होळीस शुद्ध होऊन येतें. पण हें सारें पाणी गोदावरीच्या खोऱ्याचें आहे, आणि त्यावर खालच्या जायकवाडीचाही हक्क आहे. 2005 सालच्या कायद्यानें समन्यायी वांटपाचें तत्त्व घातल्यापासून टंचाईच्या वर्षीं वरच्या धरणांतून खालीं पाणी सोडावें लागलें आहे. तेव्हां नवी वस्ती किती मोठी करावी, ह्याचें उत्तर पैशापेक्षां पाण्यावर अधिक अवलंबून राहील.

शहर आतां हमरस्त्यानें विल्होळी व गोंदे ह्यांच्या दिशेनें सरकत आहे. तिकडील ओहोळांच्या दोहों कांठांस किती जागा मोकळी सोडावयाची, हें तेथें प्लॉट पडण्यापूर्वींच ठरवावें लागेल.