कॅनमधलं पाणी : सुट्टीत टाकी सांभाळायला देताना शिकलेला एक धडा



दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच चौकशी सुरू होते. कुंड्यांना पाणी कोण घालणार? मांजर कुणाकडे ठेवायचं? आमच्याकडे प्रश्न असतो तो माशांच्या टाकीचा. तीही साधी टाकी नाही, समुद्राच्या खाऱ्या पाण्याची. मागच्या वर्षी या टाकीने मला सूचनालेखनाचा असा धडा दिला की तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. विज्ञान, गणित आणि भाषा अशा तिन्ही तासांना तो उपयोगी पडेल.

आमची टाकी

शंभर लिटर पाणी, दोन क्लाउनफिश (मुलांच्या भाषेत 'निमो'), माशांच्या अंगावरची घाण खाणारी एक लाल-पांढरी कोळंबी आणि दगडांवर वाढणारे थोडे मऊ, फुलांसारखे दिसणारे समुद्री जीव. दगडासारखे कठीण प्रवाळ आमच्याकडे नाहीत आणि ते ठेवायचेही नाहीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार आपल्या देशात त्यांना संरक्षण आहे. ते मालवणच्या समुद्रातच शोभतात.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीतही तेवढेच लागतात. म्हणजे आमच्या टाकीत सुमारे साडेतीन किलो मीठ विरघळलेलं आहे! हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

काय घडलं?

दहा दिवस माहेरी जायचं ठरलं. खालच्या मजल्यावरचा आठवीतला मुलगा टाकी बघायला तयार झाला. हौशी आणि शब्दाचा पक्का मुलगा. निघायच्या गडबडीत मी एका कागदावर चार ओळी लिहिल्या : दिवा सकाळी लावावा, रात्री बंद करावा. चिमूटभर खाद्य घालावे. पाणी खुणेच्या खाली गेले की कॅनमधले पाणी घालावे. काही वाटल्यास फोन करावा.

परत आलो तर कोळंबी मेलेली. दगडांवरची 'फुलं' मिटलेली. मासे जिवंत, पण एका कोपऱ्यात सुस्त.

मुलगा दारात उभा होता. डोळ्यांत पाणी. "काकू, मी रोज खुणेपर्यंत पाणी घातलं. दोन कॅन होते ना, म्हणून चव घेऊन पाहिली आणि मुद्दाम खारटच घातलं. समुद्राचे मासे आहेत ना!"

टाकीखाली खरंच दोन कॅन होते. पांढऱ्यात आरओचं गोडं पाणी आणि निळ्यात, परत आल्यावर पाणी बदलायला म्हणून मी कालवून ठेवलेलं खारं पाणी. मी लिहिलं होतं फक्त 'कॅनमधले'. कोणत्या कॅनमधले, ते लिहिलंच नव्हतं!

यात विज्ञान कुठे आहे?

टाकीतलं पाणी कमी होतं ते बाष्पीभवनाने. वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. मिठागरात आगरी बांधव ज्या तत्त्वावर मीठ पिकवतात तेच हे तत्त्व. म्हणून कमी झालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडं पाणीच घालायचं असतं. खारं घातलं की जुनं मीठ तर आहेच, वर नव्याची भर.

आणि गणित?

पंख्यामुळे आमच्या टाकीतून रोज सुमारे २ लिटर पाणी उडतं. मग :

- १० दिवसांत उडालेलं पाणी : २ × १० = २० लिटर
- २० लिटर खाऱ्या पाण्यातून आलेलं मीठ : २० × ३५ = ७०० ग्रॅम
- आता एकूण मीठ : ३५०० + ७०० = ४२०० ग्रॅम
- दर लिटरला : ४२०० ÷ १०० = ४२ ग्रॅम

क्षारता २० टक्क्यांनी वाढली. मासे हा बदल काही प्रमाणात सोसतात, कोळंबीला तो सोसत नाही. आता झटपट उपाय म्हणून एकदम गोडं पाणी ओतावं का? नाही. अचानक बदल हा आणखी एक धक्काच असतो. आम्ही रोज दोन लिटर खारं पाणी काढून तेवढंच आरओचं घातलं, शिवाय उडालेल्याची भरपाईही आरओच्याच पाण्याने केली. रोज मीठ दोन टक्क्यांनी कमी होत गेलं आणि ४२ वरून ३५ वर यायला नऊ दिवस लागले. हे नऊ दिवसांचं गणित आठवी-नववीच्या मुलांना जरूर करायला द्या.

हे सगळं मोजमाप त्या मुलानेच वहीत लिहून ठेवलं. कारण पहिल्याच दिवशी मी त्याला सांगितलं, "चूक तुझी नाही रे. तू विचार करून वागलास. माझी सूचनाच अर्धी होती." हे म्हणणं सोपं नव्हतं. वर्गात सूचनालेखनाला लाल पेनाने गुण कापणारी मी! पण ते म्हटलं नसतं, तर त्याने पुन्हा कधी कुणाची जबाबदारी अंगावर घेतली नसती.

या वर्षीची नवी सूचना

या वेळी कागद आम्ही दोघांनी मिळून केला. कुणाच्याही घरी टाकी असेल तर उपयोग होईल म्हणून देते.

१. एकच कॅन समोर ठेवा. खारं पाणी कपाटात बंद. पांढऱ्या कॅनवर मोठ्या अक्षरांत : 'रोज यातलंच, खुणेपर्यंत.'

२. खाद्य मोजून द्या. औषधाच्या गोळ्यांच्या सात खणांच्या डबीत वारानुसार खाद्य भरून ठेवा. 'चिमूट' प्रत्येकाची वेगळी असते! जास्तीचं खाद्य कुजून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषारी असतो. निरोगी मोठा मासा एखाद-दुसरा दिवस उपाशी राहिला तर बिघडत नाही. म्हणून लिहा : 'शंका आली तर खाद्य घालू नका.'

३. वीज गेली तर? पंप बंद पडला की पाण्यात प्राणवायू मिसळणं कमी होतं. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप कुठे आहे, कसा सुरू करायचा, हे दाखवून ठेवा. त्या वेळी खाद्य नको.

४. रोज मोजा. मासे दोन दिसले का? पाणी फिरतंय का? तापमान किती? आमच्या टाकीसाठी २५ ते २७ अंश सेल्सिअस ठीक. एक फोटो पाठवायचा, बस.

५. काय करायचं नाही. साबणाचा हात पाण्यात घालायचा नाही. काच पुसायचा स्प्रे टाकीजवळ मारायचा नाही.

६. जाण्याआधी आठवडाभर नवीन काही नको. नवा मासा नको, नवं यंत्र नको. पाणी आपोआप भरणारं यंत्र लावायचं असेल तर आधी दोन आठवडे आपल्या डोळ्यांसमोर चालवून बघा. त्याचा साठाही बेताचाच ठेवा, म्हणजे यंत्र अडकलं तरी सगळं पाणी टाकीत जाऊन घोटाळा होणार नाही.

७. रंगीत तालीम. सगळ्यांत महत्त्वाचं हेच. आम्ही घरी असताना तीन दिवस सगळं काम त्याने केलं. मी फक्त हाताची घडी घालून बघत राहिले. त्यात कागदावरच्या आणखी दोन चुका सापडल्या, दोन्ही माझ्याच!

वर्गासाठी उपक्रम

- प्रत्येकाने घरातलं एक काम (कुंड्यांना पाणी, चहा करणे, कुलूप लावणे) पाच सूचनांत लिहावं. शेजाऱ्याने फक्त लिहिलंय तेवढंच करून दाखवावं. कुठे अडलं ते टिपावं.
- दोन ताटल्यांत सारखंच मीठ-पाणी घेऊन उन्हात ठेवा. एकीत रोज साधं पाणी, दुसरीत रोज मीठ-पाणी घालून मूळ पातळी राखा. आठवड्याने दोन्ही पूर्ण सुकवून मागे राहिलेल्या मिठाची तुलना करा.
- चर्चा : काम बिघडलं, तर करणारा चुकला की सांगणारा? कसं ठरवाल?

या दिवाळीत आम्ही आठ दिवस गावी होतो. रोज संध्याकाळी फोटो आला. परतलो तेव्हा दोन्ही मासे काचेपाशी आले आणि 'फुलं' उमललेली होती. नवीन कोळंबी आम्ही मुद्दामच सुट्टीनंतर आणली. दुकानात ती निवडायला तोच मुलगा माझ्याबरोबर होता.

तुमच्या वर्गात हा उपक्रम घेतलात तर मुलांच्या सूचना नक्की कळवा. विशेषतः ज्या फसल्या त्या!