सामायिक पृष्ठे आणि संपादनाचे अधिकार

अनेकांनी मिळून लिहावयाच्या व सुधारावयाच्या संगणकीय पृष्ठांच्या संग्रहास ‘विकी’ म्हणतात. अमेरिकन संगणकतज्ज्ञ वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली. वाचणाऱ्याला चूक आढळल्यास ती त्याला तेथल्या तेथे दुरुस्त करता यावी, हे तिचे मूळ तत्त्व होय. आज कचेऱ्या व कारखानेही आपल्या कार्यपद्धती अशा पृष्ठांवर लिहून ठेवतात. तेव्हा कोणते पृष्ठ कोणी बदलावे, हा प्रश्न ओघानेच येतो.

मुक्त संपादनातील धोका काल्पनिक नाही. मे २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर जॉन सीगनथॉलर या पत्रकारांविषयी खोटा व बदनामीकारक मजकूर घातला गेला आणि तो चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. त्याच वर्षी डिसेंबरात तेथे नवे पृष्ठ निर्माण करण्याचा अधिकार नोंदणीकृत सदस्यांपुरता मर्यादित करण्यात आला.

परंतु म्हणून सर्वच पृष्ठांना कुलूप घालणे योग्य ठरत नाही. यंत्र चालविण्याच्या लेखी कृतीतील चूक प्रथम दिसते ती यंत्रावरील कामगाराला. लेखणी केवळ अधिकाऱ्याच्या हाती असेल, तर ती चूक पृष्ठावर कायम राहते आणि पुढील पाळी तिच्याच आधारे काम करते.

यावर विकिपीडियाच्या ‘मीडियाविकी’ या सॉफ्टवेअरमध्ये मधला मार्ग आहे. पृष्ठ पूर्ण सुरक्षित केल्यास ते केवळ प्रचालकांना बदलता येते. अर्धसुरक्षित पृष्ठ काही अनुभव असलेल्या सदस्यांना खुले राहते. इंग्रजी विकिपीडियावर त्यासाठी सामान्यतः चार दिवसांचे खाते व दहा संपादने लागतात. संरक्षणाला मुदत घालता येते, त्याचे कारण नोंदविता येते. शिवाय प्रत्येक बदलाचा इतिहास राहत असल्याने पूर्वीचा मजकूर परत आणता येतो. मात्र गुप्त मजकूर एकेका पृष्ठापुरता लपविण्यासाठी हे सॉफ्टवेअर रचलेले नाही. तो मजकूर अन्यत्र ठेवावा.

यावरून तीन नियम निघतात. निर्बंध गरजेच्या पृष्ठापुरताच असावा. त्याला कारण व मुदत असावी. आणि ज्याला संपादनाचा अधिकार नाही, त्याला चूक कळविण्याची वाट मोकळी असावी. कुलूप मजकुराचे रक्षण करते; त्याची सत्यता मात्र वाचणाऱ्यांच्या दक्षतेवरच अवलंबून असते.