पुढच्या चाकाचं बेअरिंग: घाटात आवाज येऊ लागला तर खर्च किती?

गणपतीला किंवा शिमग्याला मुंबईहून कुडपणला गाडी घेऊन येणाऱ्यांना एक आवाज ओळखीचा असेल. महामार्गावर वेग वाढला की पुढच्या चाकातून बारीक घोंघावणं सुरू होतं. पोलादपूर सोडून कापड्यावरून क्षेत्रपाळकडे घाट चढू लागलं की एका बाजूच्या वळणांवर ते वाढतं आणि दुसऱ्या बाजूच्या वळणांवर दबतं. काच खाली करून हा आवाज नीट ऐकावा, कारण कुठलं चाक बिघडलंय ते इथेच फुकटात कळतं. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर येतो. म्हणून उजव्या वळणावर आवाज वाढत असेल तर संशय डाव्या बेअरिंगवर घ्यायचा, आणि डाव्या वळणावर वाढत असेल तर उजव्यावर. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट होत असेल, तर तो दोष बहुधा ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचा असतो. त्यासाठी बेअरिंग बदलून पैसे घालवू नका.

घरी दुसरी तपासणी करायची ती सपाट जागेवर, मागच्या चाकांना दगड लावून आणि जॅकखाली पक्का आधार देऊन. चाक वर-खाली धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबताच प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग गेलंय, तसाच राहिला तर बॉल जॉइंट पाहायला हवा. नंतर एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमधून खरखर बोटांना लागते. एवढं करून गॅरेजला गेलात की मिस्त्रीशी बोलणं सोपं जातं. कुडपणहून पोलादपूरला वीस-पंचवीस किलोमीटर घाट उतरून जायचं आणि सामान नाही म्हणून परत यायचं, हा हेलपाटाही खर्चच आहे. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि एबीएस आहे की नाही हे आधी फोनवर सांगून बेअरिंग मागवून ठेवा. चाकाला स्पष्ट प्ले असेल, तर ती गाडी घाटातून नेऊच नका. मिस्त्रीला गावात बोलवा किंवा गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून न्या.

आता मुख्य मुद्दा, बेअरिंगच्या आवळण्याचा. याला प्रीलोड म्हणतात. आतल्या गोळ्या ना ढिल्या ना करकचलेल्या, ठरलेल्या दाबाखाली फिरल्या पाहिजेत. आल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, आय-१० यांसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन रांगांचं सीलबंद बेअरिंग असतं. त्याचा दाब कारखान्यातच ठरलेला असतो. एक्सल नट ठरलेल्या जोराने आवळला की आतल्या दोन कड्या एकमेकींना भिडतात आणि तो दाब आपोआप मिळतो. मिस्त्रीने अंदाजाने काही जुळवायचं नसतं, नट तेवढा बरोबर आवळायचा असतो. छोट्या गाड्यांत हा जोर मॉडेलनुसार साधारण १५० ते २५० न्यूटन-मीटर असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडतो.

तरीही पान्याला पाइप लावून नट आवळण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. कमी आवळला तर कड्या भिडत नाहीत, चाक डुलतं आणि नवं बेअरिंग लवकर खराब होतं. जास्त आवळला तर आटे मरतात. म्हणून काम देण्याआधी एवढंच विचारा, 'टॉर्क पाना आहे का?' तो असलेल्या मिस्त्रीला दोनशे रुपये जास्त द्यावे लागले तरी आनंदाने द्या. या कामातला सगळ्यात किफायतशीर खर्च तोच आहे. नट पूर्ण आवळेपर्यंत गाडीचं वजन त्या चाकावर येऊ देऊ नये. कुणाला तरी ब्रेक दाबायला लावून, चाक अधांतरी असतानाच शेवटचं आवळणं झालं पाहिजे. ढिल्या नटावर गाडी चार हात ढकलली तरी नव्या बेअरिंगला इजा होऊ शकते.

दुसरा प्रश्न प्रेसचा. बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे चाकाला धरणाऱ्या धातूच्या भागात, बसवताना दाब बाहेरच्या कडीवरच द्यायचा. हब घालताना आतल्या कडीला खालून आधार हवा. घणाने ठोकून बसवलं तर गोळ्यांचे खड्डे कडीवर उमटतात, आणि पैसे देऊन महिनाही होत नाही तोच घोंघावणं परत सुरू होतं. गॅरेजमध्ये प्रेस नसेल तर नकल काढून टर्निंगवाल्याकडे नेतात. ती पद्धत चांगली आहे, त्यासाठी थांबावं लागलं तर थांबा. एबीएसच्या अनेक गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकी कडी असते. ती बाजू उलटी बसली की डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि पुन्हा नवं बेअरिंग घ्यावं लागतं, कारण हब काढताना बेअरिंग तुटतंच.

खर्चाचे पुढचे आकडे एका चाकाचे आणि अंदाजाचे आहेत, मॉडेल आणि गावानुसार ते हलतील. नावाजलेल्या कंपनीचं बेअरिंग ७०० ते १,५०० रुपये. नवा नट, सर्क्लिप आणि लागलं तर सील यांचे १५० ते ३००. प्रेससकट मजुरी ५०० ते १,०००. म्हणजे महाड-पोलादपूरच्या गॅरेजमध्ये चौदाशे ते अठ्ठावीसशेच्या दरम्यान काम व्हावं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला अडीच ते साडेचार हजार धरा. ज्या गाड्यांत हब आणि बेअरिंग एकत्र येतं, तिथे नुसता भागच अडीच हजारांपासून सहा हजारांपर्यंत जातो, पण मजुरी कमी लागते. नकल काढताना स्ट्रटचे बोल्ट सोडले असतील तर अलाइनमेंटचे ३०० ते ५०० वेगळे. सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. 'पूर्वीचाच २८ टक्के' म्हणून कुणी बिल वाढवत असेल तर ते मान्य करू नका.

'दोन्ही बाजू बदलून घ्या' हा सल्ला सरसकट ऐकू नये. दुसरं चाक शांत आणि घट्ट असेल तर ते राहू द्या. गाडी पुरात बुडाली असेल तर मात्र दोन्ही तपासा. २२ जुलै २०२१ च्या रात्री महाड पाण्याखाली गेलं, तसं पाणी चाकांवरून गेलं की बेअरिंगचं सील पुरं पडत नाही. घाटातून तापून आलेलं चाक वाहत्या पऱ्यात उतरलं तरी तेच होतं. आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. आवाज मात्र काही आठवड्यांनी येतो, तेव्हा पावसाळा संपला की पुन्हा ऐका. पूर्ण विमा असेल तर पुराचं नुकसान घसारा वजा करून मिळू शकतं, नेहमीची झीज मिळत नाही. सीलबंद बेअरिंगमध्ये 'ग्रीस भरून देतो' असं कुणी म्हणालं, तर त्यावर पैसे घालवू नका.

जीप, सुमो यांसारख्या जुन्या गाड्यांचं गणित वेगळं. त्यांत टेपर रोलर बेअरिंगची जोडी असते आणि ती खरोखर हाताने जुळवावी लागते. चाक फिरवत नट आवळायचा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग तो सैल करायचा आणि पुन्हा हलकेच आणायचा. शेवटी बहुतेक अशा गाड्यांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजता येईल एवढाच प्ले ठेवतात. तो साधारण ०.०३ ते ०.१३ मिलिमीटर असतो आणि डायल गेजने मोजतात. इथे पान्याची ताकद दाखवली तर बेअरिंग तापून जळतं. धुऊन, ग्रीस भरून, नवं सील घालून जुळवायला एका चाकाचे ५०० ते ८०० रुपये लागावेत. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणून हे दर वर्षी पावसाळ्यानंतर करून घ्यावं.

बेअरिंग खोक्यासकट मागा. नकली माल सर्रास आहे. एसकेएफचं बेअरिंग असेल तर कंपनीच्या 'ऑथेंटिकेट' ॲपवर फोटो पाठवून खात्री करता येते. जुनं बेअरिंग परत घ्या, आणि बिलावर भाग, मजुरी आणि हमीची मुदत वेगवेगळी लिहून घ्या. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर गाडी पुन्हा जॅकवर घेऊन प्ले पाहा. परत आवाज आला आणि गॅरेजवाला दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करा. पुढची पायरी म्हणजे अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, फक्त ते बिल जपून ठेवलेलं असलं पाहिजे.