शेणखत की युरिया? दोन्ही, पण वेळेवर!

प्रश्न : दोन एकर कोरडवाहू कपाशी आहे. गेल्या वर्षी पेरणीच्या तोंडावर शेणखत टाकले, तरी रोपे पिवळी पडली. आता शेणखत सोडून नुसता युरिया द्यावा का?
– एक शेतकरी, यवतमाळ

उत्तर : दोष शेणखताचा नाही, बहुधा कच्चेपणाचा आहे. त्यातला काडीकचरा कुजवताना जिवाणू जमिनीतलेच नत्र वापरतात आणि रोप उपाशी राहते. मूठभर खत दाबून पाहा : काळे, भुसभुशीत, शेणाचा वास नसलेले आणि आतून गार असेल तरच ते मुरले समजा.

आता हिशेब. चार टन शेणखतात साधारण 20 किलो नत्र असते, म्हणजे 45 किलोच्या युरियाच्या एका गोणीइतके. पण पहिल्या हंगामात त्यातला तिसरा हिस्साच पिकाला मिळतो. म्हणून नुसत्या शेणखतावर भागत नाही. उलट, नुसत्या युरियाने सेंद्रिय कर्ब वाढत नाही, ओलही धरून राहत नाही.

मुरलेले खत शेवटच्या वखरपाळीआधी पसरा. सिंगल सुपर फॉस्फेट थोड्या शेणखतात मिसळून पेरणीवेळी ओळीत द्या. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत स्फुरद चुन्याशी बांधले जाते, ते यामुळे कमी होते. युरिया मात्र शेणखतात कालवू नका, नत्र वायू होऊन उडते. तो दोन-तीन हप्त्यांत, ओलीवर, मातीआड करा. मात्रा माती परीक्षणावरूनच ठरवा.