जुना क्लच : काय ठेवावे, काय टाकावे?

अ‍ॅम्बेसेडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. प्रीमियर पद्मिनी तर त्याच्याही कितीतरी आधी बंद झाली. तरीही अशा जुन्या गाड्या हौसेने दुरुस्त करून चालवणारे लोक आहेत. खिशात पैसे मात्र मोजकेच असतात. गिअरबॉक्स उतरवली की मेकॅनिक काळवंडलेला क्लच पुढे ठेवतो आणि विचारतो, "हाच परत बसवू, की नवा आणता?" या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देऊ नये. ते तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दडलेले आहे.

क्लचचे काम इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणे व हवे तेव्हा सोडवणे हे होय. इंजिनाबरोबर फ्लायव्हील हे जड चाक फिरते. त्याच्यासमोर प्रेशरप्लेट असते. या दोहोंच्या मध्ये क्लचप्लेट असते आणि तिच्या दोन्ही अंगांना खरबरीत लायनिंग असते. स्प्रिंगांच्या दाबाने क्लचप्लेट घट्ट धरली जाते आणि घर्षणामुळे तिघीही एकत्र फिरू लागतात. पायाने पेडल दाबले की हा दाब सुटतो.

क्लच किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पेलू शकेल हे तीन गोष्टींवर ठरते : घर्षणगुणांक, स्प्रिंगांचा दाब आणि लायनिंगची सरासरी त्रिज्या. यांचा गुणाकार करून तो दुप्पट करावयाचा, कारण घासणारे पृष्ठभाग दोन आहेत. समजा, घर्षणगुणांक ०.३, दाब ३००० न्यूटन आणि त्रिज्या ०.०८ मीटर आहे. तर २ × ०.३ × ३००० × ०.०८ = १४४ न्यूटन-मीटर. इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क ८० असेल, तर हा क्लच निर्धास्तपणे चालेल.

आता लायनिंगवर तेल आले आणि घर्षणगुणांक निम्मा, म्हणजे ०.१५ झाला असे समजा. उत्तर येते ७२. हे ८० पेक्षा कमी आहे! चढावर इंजिन नुसते घुमेल, गाडी पुढे सरकणार नाही आणि जळका वास सुटेल. म्हणून तेलाने भिजलेले लायनिंग पुन्हा वापरू नये. तसेच तेल कोठून आले तेही शोधावे. ऑइल सील गळके असेल, तर नवी प्लेटही थोड्याच दिवसांत भिजेल.

लायनिंगची जाडी वरील सूत्रात कोठेच नाही. मग झिजलेली प्लेट का चालू नये? कारण दोन आहेत. प्लेट पातळ झाली की वेटोळ्यांच्या स्प्रिंगा सैलावतात आणि दाब घटतो. दुसरे असे, की लायनिंग झिजत रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आले, तर रिव्हेट फ्लायव्हीलवर चरे पाडते. रिव्हेटचे डोके लायनिंगच्या पृष्ठभागापासून निदान ०.३ मिलिमीटर आत असावे, असा साधारण दंडक आहे. प्लेटची तबकडी आणि तिच्यातील लहान स्प्रिंगा शाबूत असतील, तर केवळ नवे लायनिंग ठोकून घेता येते.

फ्लायव्हील सहसा वाचते. उथळ चरे यंत्रावर घासून काढता येतात. मात्र उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे धातू काढू नये. निळे डाग दिसले, तर ते फार तापले होते असे समजावे. तडा असेल, तर मोह टाळावा. १४ सेंटिमीटर त्रिज्येचे फ्लायव्हील मिनिटाला ४००० फेरे घेते, तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे २१० किलोमीटर असतो. ते फुटले तर तुकडे गोळीसारखे सुटतील.

प्रेशरप्लेटवर पोलादी पट्टी आडवी ठेवून खालची फट फिलर गेजने मोजावी. प्लेट वाकली नसेल व स्प्रिंगा सारख्या उंचीच्या असतील, तर ती ठेवावी. रिलीज बेअरिंग मात्र नवेच घालावे. ते तुलनेने स्वस्त असते. पण नंतर बिघडले, तर त्या एका वस्तूसाठी पुन्हा सगळी गिअरबॉक्स उतरवावी लागते. अशी काटकसर महागात पडते.

एक सावधगिरी. जुन्या लायनिंगमध्ये बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुफ्फुसांत गेल्यास गंभीर आजार होतात. म्हणून ती फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी व ते फडके पिशवीत बंद करून टाकावे.

करून पाहा : विटेसारखा एक लाकडी ठोकळा घ्या. तो स्प्रिंगकाट्याने टेबलावरून सावकाश ओढा. आधी रुंद बाजूवर आणि मग अरुंद बाजूवर ओढून काटा वाचा. नंतर ठोकळ्यावर तेवढेच वजन ठेवून ओढा. शेवटी टेबलावर जुनी काच ठेवून तिला तेलाचा हात लावा आणि पुन्हा ओढा. कोणत्या बदलाने काटा हलला व कोणत्या बदलाने जवळजवळ हलला नाही, ते वहीत लिहा. मग मेकॅनिकच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच देऊ शकाल.