माळढोकाचे रान

मोडनिंब हे गाव सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात आहे. या मुलखात पाऊस बेताचा. म्हणून येथे उंच वृक्षांचे अरण्य माजले नाही. जमीन मुरमाड, मातीचा थर पातळ, आणि त्यावर पावसाळ्यात वाढणारे कुसळी व पवन्याचे गवत. परक्या प्रवाशाला असा माळ ओसाड वाटतो. परंतु काळवीट, लांडगा व खोकड यांचे हेच रान होय. आणि माळढोक पक्ष्याचे तर हे घरच.

माळढोक सुमारे एक मीटर उंच असतो. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. मादी घरटे बांधीत नाही. उघड्या भुईवर बहुधा एकच अंडे घालते. ते गुराच्या खुराखाली चिरडले, की त्या मादीची सारी आशा मातीस मिळते. नाकतोडे, भुंगेरे, सरडे आणि शेतातील दाणे हे त्याचे खाद्य. म्हणजे तो जितका माळाचा, तितकाच जिरायत शेताचा.

१९७९ मध्ये शासनाने सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोकासाठी अभयारण्य म्हणून जाहीर केले. नान्नजचा माळ हा त्याचा गाभा. हेतू थोर होता; पण त्या सीमेत शेतकऱ्यांची शेते आणि गावेच्या गावे आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने पडली, आणि पाहुणा म्हणून ज्याचे कौतुक व्हावे त्या पक्ष्याविषयी लोकांच्या मनात अढी बसली. २०१२ मध्ये हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. दरम्यान उजनीच्या कालव्यांनी पुष्कळ जिरायत जमीन उसाखाली गेली. माळावर गिरिपुष्पाची झाडे लावली गेली. झाडे लावणे नेहमीच पुण्याचे असते असे नाही, मोकळ्या माळाच्या पक्ष्याला त्यांची अडचणच झाली. आज सोलापुरात माळढोक क्वचितच दिसतो.

रान राखण्याची निराळी रीत महाराष्ट्राच्याच पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावी आढळते. तेथील ग्रामसभा प्रत्येक निर्णय सर्वसंमतीने घेते. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. कोठे तोड करावयाची व कोठे नाही, हे गावच पाहते. २०१३ मध्ये तर गावकऱ्यांनी आपली शेतेही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचे ठरविले.

सोलापूरच्या माळावर असे मोठे जंगल नाही. गायराने मात्र आहेत. ती कोणा एकाची नसतात. गवताचे बी गळून पडेपर्यंत तेथे गुरे सोडू नयेत, एवढे तरी गाव बसून ठरवू शकते.