ड्रोनचा नियंत्रक बदलतांना

२०१७ च्या खरीप हंगामांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखीं पडले, आणि शेंकडों लोक रुग्णालयांत गेले. पाठीवर पंप घेऊन उंच वाढलेल्या पिकांतून चालणाऱ्याच्या अंगावर औषध उडणारच. तेव्हांपासून फवारणीच्या ड्रोनकडे पुष्कळ लोक आशेनें पाहूं लागले आहेत. परंतु दहा लिटरची टाकी भरलेला ड्रोन सुमारें २५ किलो वजनाचा असतो. तो हवेंत कलंडला तर औषधासह खालीं येतो. असें कलंडण्याचें एक कारण आमच्या वर्गांतच पाहावयास मिळालें, तें येथें सांगतों.

ड्रोनमध्यें एक फ्लाइट कंट्रोलर असतो. यंत्र कोणीकडे झुकत आहे हें तो क्षणोक्षणीं मोजतो, व कोणत्या मोटरीनें किती वेगानें फिरावें हें ठरवितो. परंतु मोटरीस वीज तो स्वतः देत नाहीं. तें काम प्रत्येक मोटरीजवळच्या ई. एस. सी. चें, बॅटरीची वीज तो मोटरीच्या तीन तारांतून पाळीपाळीनें सोडतो. एक हुकूम देणारा, दुसरा बजावणारा.

गेल्या सत्रांत मुलांनीं एका जुन्या, चार मोटरींच्या लहान ड्रोनचा फ्लाइट कंट्रोलर बदलून नवा बसविला. वीज दिली, तों मोटरी नुसत्या ‘पीं पीं’ करीत राहिल्या. (हा आवाज ई. एस. सी. मोटरीच्या गुंडाळ्यांतूनच काढतो. निराळा भोंगा नसतो.) पाहावयास आलेले एक पालक म्हणाले, “मास्तर, डोकं तं नवं बसवलं, मंग हातपाय काऊन हालत नाहीत?” प्रश्न अगदीं नेमका होता.

जुनी रीत अशी: हुकूम विजेच्या ठोक्यानें द्यावयाचा, व ठोका किती वेळ टिकला यावरून वेग समजावयाचा. १००० मायक्रोसेकंद म्हणजे थांब, २००० म्हणजे पूर्ण वेग. नवी रीत ‘डीशॉट’ नांवाची. तींत ठोक्याची लांबी मोजावयाची नसून १६ द्विमान अंकांचा निरोप जातो: ११ अंक वेगाचे, एक उलट माहिती मागण्याचा, व शेवटचे ४ पडताळ्याचे. पडताळा जुळला नाहीं तर ई. एस. सी. तो निरोप टाकून देतो. जुन्या रीतींत बिघडलेला ठोकाहि खरा मानला जातो; म्हणून आम्हांस नवी रीत अधिक भरंवशाची वाटते.

आमचा नवा कंट्रोलर डीशॉट पाठवीत होता, आणि जुन्या ई. एस. सी. ना तें कळत नव्हतें. कंट्रोलर जुन्या रीतीवर ठेवतांच मोटरी फिरल्या. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. खरा धोका मात्र तेथूनच सुरू झाला. तीन मोटरी एकदम फिरल्या, चौथी मागाहून. तिचा ई. एस. सी. पूर्वीं कधीं बदललेला, निराळ्या बनावटीचा होता. ‘थांब’ व ‘चाल’ यांमधील त्याची सीमा इतरांहून वेगळी होती. मुळींच न समजणारा ई. एस. सी. यंत्रास जमिनीवरच ठेवतो. अर्धवट समजणारा त्यास उचलूं देतो आणि एका अंगास पाडतो. सुदैवानें पाती आधींच काढून ठेवलीं होतीं. चाचणीच्या वेळीं पाती काढलेलींच असावींत, याबद्दल आमच्या वर्गांत कोणाचीहि सबब चालत नाहीं.

मग कंट्रोलरवरून प्रथम पूर्ण वेगाचा व नंतर थांबण्याचा ठोका देऊन चारी ई. एस. सी. ना दोन्ही टोंकें पुन्हां शिकविलीं. डीशॉटमध्यें अंक ठरलेलेच असल्यामुळें ही शिकवणी लागत नाहीं.

ठोक्याचा दाबहि पाहावा लागतो. जुने कंट्रोलर बहुधा ५ व्होल्टचा ठोका देत, नवे ३.३ व्होल्टचा देतात. कांहीं जुन्या ई. एस. सी. ना तो क्षीण पडतो. शिवाय संकेताच्या तारेबरोबर ऋण तारहि दोहोंस जोडलेली हवी, नाहींतर ठोका मोजावयास आधारच उरत नाहीं.

हें सर्व शिकण्याच्या लहान ड्रोनपुरतें. फवारणीच्या ड्रोनास २०२१ च्या नियमांनुसार नमुना-प्रमाणपत्र लागतें. त्याचा नियंत्रक घरीं उघडून बदलूं नये, बनविणाऱ्याकडेच न्यावा. मात्र दुरुस्त होऊन आल्यावर, टाकी भरण्यापूर्वीं व पाती लावण्यापूर्वीं, सर्व मोटरी एकदम सुरू होतात कीं नाहीं हें पालकांनीं समोर उभें राहून दाखवून घ्यावें.